चार दिवसांआडचं ऑर्किड

अकरावी-बारावीच्या मुलांना मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. ऑर्किडला माती लागत नाही, ते फांदीवर बसून पावसाचं आणि हवेतलं पाणी घेतं, त्याच्या मुळांवर पाणी शोषणारा पांढरा थर असतो, हे सगळं मी फळ्यावर आकृती काढून इतक्यांदा सांगितलंय की झोपेतून उठवलं तरी सांगेन. खरं ऑर्किड मात्र घरात आलं ते निवृत्त झाल्यावर. शेवटच्या तुकडीतल्या मुलींनी निरोपाला दिलं. जांभळ्या फुलांचा तुरा आणि खाली एवढीशी प्लास्टिकची कुंडी. सोलापूरच्या उन्हात ते महिनाभर टिकेल असं मला वाटलं नव्हतं. पण त्याने वर्ष काढलं, पुन्हा फुललं, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते हाताला धरून दाखवत असे.

मार्चअखेर फुलं गळली आणि कुंडीला कुबट वास यायला लागला. ज्या शेवाळात ते बांधून आलं होतं ते कुजून काळं पडलं होतं. आता मुळं मोकळी करून त्याला सालींचे तुकडे आणि कोळसा यांत बसवायला हवं होतं. नेमक्या त्याच आठवड्यात सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या.

आमच्यात सासूला आत्या म्हणतात. आत्या सांगोल्याकडच्या, सगळा जन्म मेंढरांमागे गेला. हिवाळ्यात त्या घराच्या पायरीवरून पडल्या, त्यानंतर माझ्या नवऱ्याने मेंढरं विकून टाकली आणि मार्चअखेर त्यांना इथे आणलं. आणलं हाच शब्द बरोबर आहे. त्या आपणहून आल्या नव्हत्या. रोज संध्याकाळी त्या लेकाला विचारायच्या, मला गावाला कधी सोडतोस, आणि तो म्हणायचा, बघू. मग आत येऊन मला सांगायचा की रुळेल ती, थोडा वेळ द्यायचा. गावात त्या एकट्या होत्या. पुन्हा पडल्या असत्या तर दिवसभर कुणाला कळलं नसतं, हे त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं.

मी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून ऑर्किडची मुळं सोडवायला बसले तेव्हा आत्या शेजारी येऊन बसल्या. कुजलेली मुळं कात्रीने कापताना त्यांनी तोंडाला पदर लावला. मी नव्या कुंडीत कोळसा घातला, साली घातल्या, त्यात झाड उभं केलं. माती कुठाय, त्यांनी विचारलं. मी त्यांना ऑर्किड शिकवलं. फळा नव्हता एवढंच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, बिनमातीचं म्हणजे लईच हाल की त्याचे.

नव्या कुंडीत बसवल्यावर थोडे दिवस पाणी द्यायचं नसतं, कापलेल्या जागा सुकाव्या लागतात. तिसऱ्या दिवशी मी गॅलरीत गेले तर आत्या तांब्याने त्याला पाणी घालत होत्या. माझा राग नाकावरच असतो. मी तांब्या त्यांच्या हातातून काढून घेतला आणि म्हटलं, "हात लावू नका त्याला. मारून टाकाल." त्या बरं म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यानंतर त्यांनी या घरात कशालाच हात लावला नाही. कणीक मळेनात, लसूण सोलेनात, दिलं ते खायच्या आणि तेही निम्मं ठेवायच्या. मला ते दिसत होतं. बोलण्याची लाज वाटत होती, म्हणून मी गप्प राहिले.

ऑर्किडचं पाणी मी नंतर नेहमीसारखं सुरू केलं. नेहमीसारखं म्हणजे कसं, ते सांगायला हवं. आमच्या भागात नळाला चार दिवसांआड पाणी येतं. त्या दिवशी सकाळी पहिलं काम म्हणजे पिंपं आणि घागरी रिकाम्या करायच्या. उरलेलं पाणी शिळं झालं, ते झाडांना घालायचं, भांडी घासायची आणि ताजं भरायचं. माझ्या आईकडे असंच होतं, शेजारणीही असंच करतात. त्या ऑर्किडलाही वर्षभर असंच मिळालं होतं, आणि ते फुललं होतं.

या वेळी मात्र दोन-तीन आठवड्यांत त्याची पानं मऊ पडली. मग त्यांवर सुरकुत्या आल्या. मी पुस्तकं काढून वाचलं, फोनवर पाहिलं, कुंडी उन्हातून सावलीत आणि सावलीतून खिडकीशी हलवली. कुंडी बदलल्यावर झाड काही दिवस रुसतं, असं सगळीकडे लिहिलेलं होतं. रुळेल, मी नवऱ्याला म्हटलं, वेळ द्यायचा. बोलल्यावर माझ्या लक्षात आलं की हे त्याचंच वाक्य आहे.

तोवर आत्यांचं न खाणं बघून नवऱ्याने हार मानली होती. शनिवारी सोडतो तुला गावाला, असं त्याने आत्यांना सांगून टाकलं. आईला तिथे काही झालं तर मी स्वतःला काय सांगू, असं तो स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाला आणि डोळे पुसत राहिला. आत्यांनी ज्या दिवसापासून कशालाही हात लावणं सोडलं, तो दिवस कुणामुळे उजाडला हे त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं.

शुक्रवारी दुपारी मी ऑर्किडसमोर हात टेकून बसले होते. आत्या दारात उभ्या होत्या. उचलून बघू का, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी कुंडी तळहातावर घेतली, दोनदा वरखाली केली.

"काईच वजन न्हाय. कोकरू असं हलकं लागलं तर आमी त्याला आदी पाजतो. पानी कवा देतीस?"

"पाण्याच्या दिवशी."

"नळाला पानी येतं तवाच तहान लागती व्हय त्याला?"

मी कुंडी स्वतःच्या तळहातावर घेऊन पाहिली. जुन्या शेवाळात पाणी चार दिवस मुरून राहायचं. साली आणि कोळशातून ते तिथल्या तिथे वाहून जातं, आणि एप्रिलच्या सोलापुरात उरलंसुरलं संध्याकाळपर्यंत उडून जातं. हे मला कळत नव्हतं असं नाही. यावर मी परीक्षेत प्रश्न काढलेत. पण पाण्याचा दिवस नसताना झाडाला पाणी घालावं, हे माझ्या हाताला सुचलंच नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

आम्ही दोघींनी कुंडी बादलीत बुडवून ठेवली. पंधरा मिनिटांत पांढरी पडलेली मुळं हिरवी झाली. आत्या गुडघे दुखत असतानाही वाकून बघत राहिल्या. मग कुंडी निथळू दिली आणि त्यांनी ती माठाशेजारी ठेवली, तिथे गारवा असतो म्हणून. ज्या दिवशी हाताला हलकी लागेल त्या दिवशी बुडव, वार बघू नकोस, असं त्यांनी मला सांगितलं.

पानं काही लगेच सुधारली नाहीत, सुरकुत्या पुढे दीड महिना होत्या. पण ते झाड जगणार हे मला त्याच दुपारी समजलं, आणि आनंद व्हायच्या ऐवजी मला रडू आलं. त्या दिवसांत आत्यांना आणि ऑर्किडला एका मापाने मोजण्याचा आळस आम्ही नवरा-बायको दोघांनीही केला होता. जागा बदलली, वेळ द्या, रुळेल. झाडाला कुंडी बदलताना विचारावं लागत नाही. माणसाला विचारावं लागतं, आणि आम्ही आत्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

शनिवारी सकाळी त्या तयार होऊन बसल्या होत्या. नवरा खाली गाडी काढायला गेला. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. त्या दिवशी मी वाईट बोलले, मी म्हणाले, माझं चुकलं. त्यांनी हात झटकल्यासारखं केलं. मग मी म्हटलं, "आत्या, तुम्ही इथे राहावं असं मला वाटतं. मला."

त्यांनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली.

"त्यो म्हनतो डाक्टर सांगतो म्हनून ऱ्हा. भावकी म्हनती पोराकडं ऱ्हा. तू काईच म्हनली न्हाईस की आजवर."

"आता म्हणते आहे."

"आता मी जानार हाय. मेंढरं गेली, घर बंद केलं, कुनाला सांगूनबी आली न्हाय मी. उचलून आनली मला." त्या उठल्या, माझ्या खांद्यावर भार देऊन उभ्या राहिल्या. "आठ दिसांनी न्यायला ये. तू ये. त्याला धाडू नगंस."

म्हणाल्या तशा त्या खरंच गेल्या. त्यांनी मला न्यायला बोलावलंय, हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. त्या आठ दिवसांत रोज सकाळी मी कुंडी तळहातावर घेऊन पाहत होते आणि हलकी लागली की बुडवत होते, पाण्याचा दिवस असो की नसो.

पुढच्या शनिवारी मी एकटी एसटीने सांगोल्याला गेले, तिथून दुसऱ्या गाडीने गावात. घराचं दार उघडं होतं आणि आत्या शेजारणींमध्ये बसल्या होत्या. मला पाहून कुणी उठलं नाही. सगळ्या मी काय बोलते याची वाट बघत होत्या. मी चपला काढल्या, पाया पडले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आत्या, तुम्हाला न्यायला आले. येता का?"