ओकबुनबाईंच्या डोंगरावरची कोसारी

कोरियातल्या जॉंगसॉनच्या बाजारात माझ्या सुक्या मासळीच्या शेजारी ओकबुनबाई रानभाज्या विकायच्या. भाजी घ्या, वर मूठभर फुकट न्या, पण ती कुठून खुडली ते विचारायचं नाही. आमच्याकडे ती जागा कुणी सख्ख्या लेकीलाही सांगत नाही. ओकबुनबाई तर विचारणाऱ्याला भलत्याच डोंगराला पाठवायच्या आणि वर "जपून जा हो" म्हणायच्या.

यंदा वसंतात त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. नवऱ्याच्या श्राद्धाला आपल्या डोंगरावरची कोसारी, म्हणजे नेच्याचे कोवळे कोंब, ताटात हवीच. विकतची त्यांनी कधी ठेवली नव्हती.

"आई, जागा सांगा, मी खुडून आणते," सून मिरान म्हणाली.

"तुला सांगितली की उद्या तुझ्या माहेरचे पोती घेऊन येतील."

"माझ्या माहेरी समुद्र आहे, आई."

"मग त्यांनी रानभाजी कधी पाहिलीच नसेल. ते तर मुळासकट नेतील."

मिरान आपल्या कामाला लागली. बाई मात्र झुरायला लागल्या. "ते वरून बघतील नि म्हणतील, बायकोने बाजारातलं वाढलं," असं मला सारखं सांगायच्या. मला त्यांची कीव यायची आणि रागही. एवढा हट्ट काय कामाचा?

श्राद्धाच्या दिवशी मी मासे द्यायला गेले, तर मिरानने वाळलेली कोसारी भिजवून, उकडून तयार ठेवलेली. "विकतची आहे," ती म्हणाली. बाईंनी तोंड वाकडं केलं. नैवेद्याची म्हणून लसूण नाही. नुसता सोया सॉस नि तिळाचं तेल घालून त्यांनी ती हाताने कालवली, तव्यावर परतली, एक कोंब चाखला आणि थबकल्या.

"ही माझ्या डोंगरावरची आहे. जागा कुणी सांगितली?"

मिरानने भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे पाहिलं. "बाबांनी. माझं लग्न झालं त्याच वसंतात. म्हणाले, तिचे गुडघे कधीतरी दगा देतील, तेव्हा तू जा. पण तिला कळू देऊ नकोस."

बाई तेलकट हातांनी फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "एक गोष्ट म्हणून पोटात राहिली नाही तुमच्या," म्हणाल्या आणि मनगटाने डोळे पुसले. मग वाडग्यात कोसारी चेपून भरली आणि वर आणखी मूठभर ठेवली, गिऱ्हाइकाला द्यायच्या तशी.