तानुआत्याने न धुतलेली टाकी

फवारणीच्या विमानात पायलटच्या पुढ्यात एक मोठी टाकी असते. कपाशीवरच्या अळीचं औषध तिच्यात भरायचं आणि विमान शेतावरून इतकं खाली न्यायचं की बांधावरची बकरी बसकण मारते. काम संपलं की टाकी धुवायची. धुळ्याजवळच्या धावपट्टीवर हे धुण्याचं काम माझी तानुआत्या करायची. टाकीच्या तोंडातून ती कमरेपर्यंत आत जायची. बाहेर फक्त तिचे पाय दिसायचे आणि आतून घुमत शिव्या यायच्या. शिव्या अळीला, औषधाला, आणि सगळ्यांत जास्त लीलाधरसाहेबाला.

लीलाधरसाहेब फवारणी कंपनीचा मॅनेजर. घर जळगावला पिंप्राळ्यात. सोमवारी जीपने यायचा, शनिवारी जायचा. बोलणं नाकातून, आणि जिथे श्वास घ्यायचा तिथे 'काय की'. "तानुबाई, तुम्ही काय की, साबण काय की, फार वापरता." मी हे म्हणून दाखवलं की आत्या अजूनही सुधारते, "आखो थोडं नाक दाब."

या माणसाने टाकीत कधी हात घातला नाही. रुमाल नाकाला लावून दहा पावलांवर उभा राहायचा आणि विचारायचा, "झाली का?" आतून "व्हयनी" असं उत्तर आलं की वहीत सही. 'समक्ष तपासली.' रोजचं तेच वाक्य, रोजची तीच लफ्फेदार सही.

सत्त्याऐंशी साली कंपनीने फवारणी बंद करायचं ठरवलं आणि दोन्ही विमानं सुदानमध्ये विकली. तिकडेही कापूस होतो म्हणे. विमान जहाजातून पाठवायचं तर खोलून पेट्या कराव्या लागतात, त्यात महिने जातात. साहेब म्हणाला, उडवतच नेऊ. मुंबईहून समुद्रावरून मस्कत, तिथून पुढे. पहिलं विमान रुपचंद नेणार होता.

रुपचंद चोपड्याचा. केळीच्या बागेत वाढलेला पोरगा विमान शिकला, पण बोलणं बागेतलंच राहिलं. आत्या टाकीत असली की तो पंखावर बसून तिच्या पायांशी गप्पा मारायचा.

"रुपचंदभाऊ, समुद्रवरतीन इतलं न्हानं विमान जाई का रे?"

"जाई ना अक्का. नऊ तास लागतीन. एकच इंजिन शे, ते बोलत राह्यनं म्हंजे झालं."

"नि मुकं व्हयनं ते?"

"आठे मुकं व्हयनं ते खाले कपाशी शे. मी उतरी पडसू, शेतवाला शिव्या दी. तठे खाले पाणीच पाणी. नि ह्या चाकं दख, या काही वर उचलता येत नहीत. पाण्याले चाक अडकनं का विमान उलटं. मंग पट्टा सोड, दार उघड, रबरनी होडी काढ. हाऊ बठ्ठा धंदा डोकं खाले नि पाय वर."

"मनासारखा, टाकीमा."

"हाव, तुनासारखा. फक्त शिव्या देता येवाव नहीत, तोंडमा पाणी जास."

आत्या टाकीतून बाहेर आली. "होडीमा बसना मंग ते वाचना ना?"

"लाटा घर येवढ्या उच्च्या ऱ्हातस, अक्का. वरतीन जे विमान मले धुंडी, त्याले मी म्हंजे दहा बिघाना वावरमा पडेल सदराना बटन." आणि तो हसला. आत्या नाही हसली.

विमानाच्या स्वतःच्या पेट्रोलवर तीनच तास जाता येतं. म्हणून औषधाच्या टाकीतच पेट्रोल भरायचं आणि तिथून इंजिनला नळी जोडायची, अशी रीत. कालपर्यंत जिच्यात विष होतं, तिच्यावर आता रुपचंदचा जीव.

टाकी धुवायच्या दिवशी रुपचंद कागदपत्रांसाठी मुंबईला गेलेला होता. आत्याने साबणाची सात पाणी केली आणि साहेबासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, पाणीघाई भागावं नही. शेवटना दोन पाणी पेट्रोलना पाहिजेत."

"पेट्रोलने धुवायचं? आणि ते पेट्रोल मग काय की, फेकून द्यायचं?"

"फेकनंच पडी. आमना घर औषधना डबा व्हता. दहादाव धोया, ऊनमा वाळाडा, हात फिरावा ते लख्ख. मंग त्यामा रॉकेल भरं. चार दिवसमा स्टोना बर्नर चोंदी गया. पाण्याले जे सुटत नही, ते रॉकेलले सुटस. नि पेट्रोल ते रॉकेलना बाप शे."

हा धडा खानदेशातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात मिळतो. औषधाचा डबा फेकून देणारं घर मी अजून पाहिलेलं नाही.

साहेब म्हणाला, "तानुबाई, हे विमान आहे. काय की, स्टो नाही." आणि वहीत लिहिलं, 'टाकी पेट्रोलने दोनदा धुतली. समक्ष तपासली.' खाली लफ्फेदार सही.

दुसऱ्या पायलटने विमान मुंबईला पोचवलं आणि रुपचंद तिथूनच पहाटे उडाला. सहाव्या तासाला वरून जाणाऱ्या एका मोठ्या प्रवासी विमानाला रेडिओवर त्याचा आवाज ऐकू आला. पेट्रोलचा दाब उतरतोय, फिल्टर चोंदतोय, इंजिन खोकतंय. मग आपण कुठे आहोत ते त्याने दोनदा नीट सांगितलं. मग म्हणाला, आता उतरतो. तीन दिवस जहाजांनी शोधलं. काही सापडलं नाही.

चौथ्या दिवशी साहेबाने आत्याला कचेरीत बोलावलं. "हजेरीचा कागद आहे, काय की, अंगठा द्या." आत्याने दिला.

दहाव्याला ती चोपड्याला रुपचंदच्या आईकडे बसायला गेली. यशोदाबाई ओट्यावर होत्या. त्यांनी आत्याला पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "तूच का ती टाकी धोनारी?"

"हाव, माय."

"कंपनीना मानूस कागद वाची गया. टाकी धोवामा तू हयगय कयी, असं शे त्यामा. खाले तुना अंगठा शे." यशोदाबाईंचा आवाज चढला नाही. "पाणी पी ले नि निंघ. आखो मना दारले येऊ नको."

एसटीत आत्या रडली नाही. शेजारी माझे वडील होते. ते सांगतात, अमळनेरपर्यंत ती आपल्या अंगठ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "अंगठा त्यानी लिधा. हात ते मनाच शेतस ना."

दुसऱ्या दिवशी ती कामावर हजर. साहेबाला नेहमीपेक्षा वाकून नमस्कार. साहेब खूश. म्हणजे हिला काही कळलेलं नाही, असं त्याला वाटलं.

दुसरं विमान धावपट्टीवरच उभं होतं. त्याची टाकीही त्याच आठवड्यात, तशीच, पाण्याने धुतलेली. चौकशी होईपर्यंत ते उडवायचं नाही असा मुंबईहून हुकूम आला आणि साहेबाच्या नाकातोंडात पाणी गेलं. चौकशीच्या दोन दिवस आधी त्याने पेट्रोलचे चार कॅन आणून ठेवले.

"तानुबाई, ही टाकी पेट्रोलने धुऊन टाका. चार पाणी. आता काय की, पेट्रोलकडे बघू नका."

"तुम्ही सांगतस ते बराबरच व्हई, साहेब."

आत्याने एक कॅन उघडला, एक चिंधी भिजवली आणि टाकीच्या तोंडावर टांगली, वास सुटावा म्हणून. बाकी तीन कॅनची सीलं तिने तोडलीच नाहीत. मग ती कमरेपर्यंत आत गेली आणि रिकामी बादली आपटायला लागली. धडाम, खडाम, मध्येच ब्रश घासल्याचा आवाज, मध्येच खोकला. पाऊण तास. मला विचाराल तर खानदेशातली सर्वांत मोठी नकलाकार तीच. मी फक्त माणसांची नक्कल करू शकते, तिने धुण्याची केली.

दहा पावलांवरून आवाज आला, "झाली का?"

"व्हयनी साहेब. जेवाले बसा आतमा, इतली चोख."

साहेबाने वही उघडली.

चौकशीला आलेला अधिकारी हळू आवाजाचा माणूस होता. साहेबाने त्याच्यापुढे अंगठ्याचा कागद ठेवला, वही ठेवली आणि बोलण्याची गाडी सोडली. "पहिली टाकी मी काय की, समक्ष तपासली होती. नंतर या बाईने आत काही फडकं वगैरे टाकलं असेल तर माझा काय की, इलाज नाही. आता दुसरी बघा. परवाच चार वेळा पेट्रोलने धुऊन घेतली. मी स्वतः उभा होतो."

"आतून पाहिलीत?" अधिकाऱ्याने विचारलं.

"म्हणजे काय. हात घालून. सही आहे."

मेकॅनिक, शिपाई, ड्रायव्हर सगळे गोळा झाले होते. आत्या पुढे झाली. "मोठा साहेब, तीमा पेट्रोल वता. अर्धा तास थांबा. मंग खालना नळ सोडा नि पांढरा फडकावर झेला."

अधिकाऱ्याने तसं करायला सांगितलं. त्या अर्ध्या तासात साहेबाने आत्याकडे तीनदा पाहिलं. ती पंखाच्या सावलीत बसून पायाचा काटा काढत होती.

नळ सोडला. फडक्यावर आधी पिवळं, मग तपकिरी, मग गुळाच्या पाकासारखं चिकट काहीतरी आलं. अळीच्या औषधाचा तोच उग्र वास. मेकॅनिकने ते बोटाने ताणलं तर त्याला तार सुटली.

साहेबाचं नाक एकदम मोकळं झालं. "हिने धुतलीच नाही. ही खोटारडी आहे. टाकीला हात लावला नाही हिने."

"हाव," आत्या म्हणाली. "नहीच धोयी. तीन कॅन तठे पडेल शेतस, सीलसुद्धा शे. मंग तुम्ही हात घालीसन काय दखं, साहेब?"

साहेबाने वही ओढून घ्यायला हात पुढे केला.

"नि पहिलीमा काय दखं व्हतं? तीले बी हाईच सही शे. पेट्रोल मांगं मी, ते म्हने हाई स्टो नही."

अधिकाऱ्याने दोन्ही सह्या शेजारी शेजारी धरल्या. मग मेकॅनिकला विचारलं, पहिल्या विमानाच्या टाकीसाठी भांडारातून पेट्रोल काढलं होतं का? मेकॅनिक आयुष्यात पहिल्यांदा साहेबासमोर मोठ्याने बोलला. "थेंबभर नाही."

साहेबाची नोकरी गेली, खटलाही उभा राहिला. आत्याला त्यात फारसा रस नव्हता. अधिकाऱ्याच्या अहवालाची नक्कल हातात आली त्या दिवशी ती चोपड्याला गेली, बजावलं होतं तरी दारात उभी राहिली, आणि यशोदाबाईंच्या पुतण्याला वाचायला लावलं. यशोदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "आखो वाच," म्हणाल्या. दुसऱ्यांदा संपल्यावर साहेबाचा ठिकाणा विचारला, "कथा ऱ्हास तो?"

खटला लांबत गेला. लीलाधरने पिंप्राळ्यात फवारणीच्या पंपांचं दुकान टाकलं. रुपचंद एकवीस तारखेला उडाला होता. दुकान उघडल्यापासून दर महिन्याच्या एकवीसला चोपड्याहून एक एसटी निघते आणि धुळ्याहून एक. दोघी दुकानाच्या पायरीवर बसतात. गिऱ्हाईक आलं की यशोदाबाई लीलाधरला म्हणतात, "सांग त्याले."

पहिल्या वेळी त्याने पोलीस बोलावायची धमकी दिली. आत्या म्हणाली, बलाव, त्यास्ले बी सांग. एकदा त्याने दुकानच बंद ठेवलं, तर दोघी घरी गेल्या. त्याच्या बायकोने, कुंदाबाईंनी, चहा केला. चहा तसाच निवला आणि लीलाधरला स्वतःच्या बैठकीत, बायकोसमोर सांगावं लागलं. त्यानंतर त्याने दुकान बंद ठेवलेलं नाही.

मागच्या महिन्यात मीही गेले होते. नशिराबादचा एक शेतकरी पंप बघत होता. यशोदाबाईंनी पायरीवरूनच मान हलवली. लीलाधरने हातातला पंप खाली ठेवला.

"रुपचंद पाटील नावाचा पायलट होता," तो म्हणाला. "त्याची टाकी मी पेट्रोलने धुऊ दिली नाही. न बघता सही केली. तो समुद्रात गेला. या बाईचा काही दोष नव्हता."

एकदाही 'काय की' नाही. चार वर्षांत पाठ झालंय.

शेतकरी गोंधळला, पंपाकडे बघितलं आणि शेजारच्या दुकानात गेला. मी आत्याला हळूच विचारलं, "आता बस झालं ना? माफ नाही का करायचं?"

"ते मनं काम नही," आत्या म्हणाली. "ते यशोदाबाईले इचार."

मी यशोदाबाईंकडे पाहिलं. त्या पदराने पायरी झटकून नीट टेकून बसल्या होत्या, दुसऱ्या गिऱ्हाइकाची वाट बघत.