कडेची शेळी

शाहूवाडीकडच्या आमच्या डोंगरात बिबट्याचा वावर, त्यामुळे शेळ्या चारायला आम्ही नवरा-बायको जोडीनेच जायचो. दुपारची भाकरी मात्र पाळीने खायची. एकाने जेवायचं, दुसऱ्याने काठी घेऊन उभं राहायचं. पहिली पाळी कायम माझी, कारण मला भूक म्हणून निघत नाही.

शेळ्यांकडे बघायला तिनेच शिकवलं. मधल्या शेळ्या मान खाली घालून खुशाल चरतात. कडेची दोन घास घेते की मान वर. कान टवकारून झाडीकडे बघते, मग पुन्हा दोन घास.

"तिचं पोट कदी भरत न्हाय बगा," ती म्हणायची.

"मग मधी यायला काय हुतंय तिला?" मी चेष्टा करायचो.

"सगळ्याच मधी आल्या तर कडंला कोन ऱ्हानार?"

एकदा मी हट्टालाच पेटलो. भर दुपारी कुठला आलाय बिबट्या, बस, एकदा तरी संगं जेवू. ती बसली. खर्ड्याने माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तशी पोट धरून हसली. तेवढ्यात सगळ्या माना एकदम वर झाल्या. आम्ही उठेपर्यंत कडेची शेळी गेली होती. बायकोने बाटलीने दूध पाजून जगवलेली.

त्यानंतर ती माझ्याबरोबर कधी जेवायला बसली नाही, घरातसुद्धा. मला त्याचा फार राग यायचा.

गेल्या वर्षी तिला कोल्हापूरच्या दवाखान्यात ठेवलं. मी खाटेशेजारून हलत नव्हतो. एका दुपारी तीच म्हणाली, "अवो, सकाळपास्नं पोटात काय न्हाय तुमच्या. जावा, जेवून या. मी हाय की."

मी गेलो. खानावळीत समोरच्या ताटावर तुटून पडलो, एकदाही मान वर केली नाही. वर आणखी एक भाकरी मागून घेतली. परत आलो तर नर्स तिच्या खाटेभोवतीचा पडदा ओढत होती.

आता सून वेळेवर ताट वाढते. दोन घास झाले की माझी मान आपोआप दाराकडे वळते.

"काय बगताय, मामा?" ती विचारते.

"काय न्हाय," म्हणतो. बघायचं होतं तेव्हा मी जेवत होतो.