खालच्या बाजूचा बांध

आमच्या शेतशाळेला फाटक नव्हतं, पाटी नव्हती, आणि शाळा म्हणावं असं तर काहीच नव्हतं. पूर्णा गावाच्या मागच्या अंगाला, खाडीकडे उतरत जाणाऱ्या जमिनीत भाताचं एक मोठं खाचर, कडेला भाजीचे चार वाफे, एक जांभळाचं झाड आणि झाडाखाली पत्र्याची शेड. शेड काकांनी उभारून दिली होती. काका म्हणजे जमिनीचे मालक. आगरी माणूस, आवाज खणखणीत आणि राग नाकाच्या शेंड्यावर. माझाही तिथंच असतो, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं.

मी तेव्हा भिवंडीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. पोरं बहुतेक लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्यांची. आम्ही चार शिक्षक आणि काही पालकांनी मिळून ठरवलं होतं की रविवारी पोरांना टेम्पोत घालायचं आणि शेतात न्यायचं. पेरण्यापासून कापण्यापर्यंत सगळं त्यांनीच करायचं. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "करा की. माजी पोरं तर बांधावर उभी पन राहत न्हाय. तुमची तरी चिखलात उतरू द्या."

लोक मला हसून विचारायचे, तुमच्या पोरांना तांदूळ झाडाला लागतो असं वाटत असेल ना? मला या प्रश्नाचा भारी संताप यायचा. अहो, लूमवाल्याच्या पोराला गाव असतो. आजोबा तिकडे उत्तर प्रदेशात नाहीतर तेलंगणात शेतात उभा असतो. शेत काय असतं हे त्यांना ठाऊक होतं, फक्त ते सुटलेलं होतं. ते पुन्हा हाताला लागावं एवढीच आमची धडपड.

त्यातली एक मुलगी सातवीतली. बारीक, तुरुतुरु चालणारी, आणि तोंडाला कुलूप नाही. पहिल्याच रविवारी तिनं मला सुनावलं, "टीचर, इसको हमारे यहाँ धान बोलते हैं. चावल तो बाद में बनता है." तिच्या वडिलांची गावाकडे भातशेती होती. भावाभावांत वाटण्या झाल्या, हिस्सा पोट भरण्याइतका उरला नाही, आणि तो माणूस भिवंडीत येऊन लूमवर उभा राहिला. "अब्बा अब खेत की बात ही नहीं करते," ती म्हणाली होती. तिच्या डोक्यात एकच होतं. आपल्या हातानं लावलेल्या धानाचा भात अब्बांना खाऊ घालायचा. हे तिनं मला सांगितलं, काकांना सांगितलं, टेम्पोवाल्यालाही सांगितलं.

काकांच्या घरी नव्याची पुनव पाळतात. आपण शहरात कोजागिरीला दूध आटवतो, तसं तिथं त्या दिवशी नवा भात शेतातून आणायचा, देवाला दाखवायचा, लोंब्या दाराला बांधायच्या, आणि मगच घरात नव्या तांदळाचा घास तोंडात घालायचा. त्याआधी कोणी चोरून एक दाणाही खायचा नाही. काकींनीच म्हटलं, पोरांचं नवं पन आमचेच दारात करा, आईबापांना बोलवा. लूमला शुक्रवारी सुट्टी, म्हणून पुनवेच्या आसपासचा शुक्रवार धरला. देवाच्या तिथीत लूमची सुट्टी घुसवली म्हणून काकी थोड्या कुरकुरल्या, मग म्हणाल्या, "देव काय कुठं डूटीवर जातो? थांबंल." मुलीचे वडील जुम्म्याची नमाज उरकून येतो म्हणाले. त्या दिवशी ती पोर अक्षरशः जमिनीवर नव्हती.

त्याच वर्षी उन्हाळ्यात काकांच्या चुलतभावांनी खालची जमीन गोडाऊनसाठी विकली होती. डंपरमागून डंपर आले, मुरूम पडला, आणि आमच्या खालच्या बांधापलीकडे दोन पुरुष उंचीची मुरमाची भिंत उभी राहिली. बांध आणि भिंत यांच्यामध्ये उरला फक्त गाडीवाटेएवढा एक पट्टा. भाताच्या जमिनीत पाणी वरच्या शेतातून खालच्या शेतात जातं, तिथून त्याच्या खालच्या, आणि शेवटी खाडीत. पाणी जास्त झालं की खालच्या बांधाचं तोंड फोडायचं, एवढी साधी गोष्ट. आता खालीच शेत राहिलं नव्हतं. मी काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "मोरी टाकलीय त्यांनी मुरमाखाली. पाइप हाय मोठा. मी माजे डोल्यानं बगितलाय." मलाही नंतर त्यांनी तो दाखवला. पाइप होता. खोटं कोणीच बोललं नव्हतं.

लावणी झाली. पोरं चिखलात पडली, उठली, पुन्हा पडली. त्या मुलीनं मात्र दोरी धरून रोपं लावली. बाकीच्यांच्या ओळी कुठच्या कुठे गेल्या, हिची ओळ फूटपट्टीनं मारल्यासारखी सरळ. कोणी मध्ये पाय टाकला तर ती भांडायला उठायची. आषाढ-श्रावणात पाइपानं पाणी छान वाहून नेलं. भात हळवा, म्हणजे लवकर येणारा. गणपती गेले तेव्हा लोंब्या बाहेर पडल्या होत्या, आणि पोरं त्यांना हात लावून बघत होती.

मग परतीचा पाऊस लागला. त्यातच थोडी उघडीप मिळाली की मुरमावर डंपर फिरत होते, रोलर फिरत होता. त्या वजनाखाली कुठंतरी पाइप बसला असावा. असावा असंच म्हणायचं, कारण तो होता मुरमाच्या पोटात, आणि पोट फाडून बघणार कोण?

त्या रविवारी आम्ही पोहोचलो तेव्हा खाचर काठोकाठ भरलेलं होतं. तयार होत आलेल्या भाताला कोरडं रान लागतं, आणि आमचा भात मांडीभर पाण्यात उभा होता. काका बांधावर फावडं घेऊन उभेच. आम्हाला बघताच ओरडले, "या, या! खालचा बांध फोडा!" पोरांना सांगायलाच नको. फावडी, खुरपी, हात, जे मिळेल ते घेऊन सगळी खालच्या बांधावर तुटून पडली. ती मुलगी सगळ्यात पुढे. काकांनी दोन घाव घातले आणि बांधाचं तोंड उघडलं.

आणि पाणी आत आलं.

भिंतीच्या पायथ्याच्या त्या पट्ट्यात गोडाऊनच्या भरावावरचं सगळं पाणी येऊन तुंबलं होतं. ते आमच्या शेतापेक्षाही वर होतं. काकांच्या सबंध आयुष्यात त्या बाजूनं पाणी फक्त गेलेलं होतं. तिकडून पाणी येऊ शकतं हे त्यांच्या हाताला माहीतच नव्हतं, डोळ्यांना दिसत असूनही. मलाही सुचलं नाही. गावातल्या कुणीही त्या दिवशी तोच बांध फोडला असता. "टीचर, पानी तो अंदर आ रहा है!" ती मुलगी किंचाळली. मग ज्या हातांनी फोडलं त्याच हातांनी चिखलाचे गोळे टाकून तोंड बुजवायला लागलो. गवत, गोणपाट, पोरांनी तर आपल्या चपला घातल्या त्यात. शेवटी बुजलं एकदाचं. काका त्यावर बसून राहिले. दम लागला होता त्यांना. म्हणाले, "आता कंच्या बाजूला फोडू, बाई?"

मी चालत वळसा घालून गोडाऊनच्या जागेवर गेले. तिथं एक वॉचमन, प्लास्टिकची खुर्ची आणि छत्री. मी त्याच्यावर चांगलीच घसरले. तो बिचारा उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, साहब बंबई में रहते हैं. मैं बोल दूँगा." त्याच्यावर ओरडून काय मिळणार होतं? काकांच्या चुलतभावाकडे गेले, तर त्यानं आधी चहा ठेवायला सांगितला आणि मग म्हणाला, आमचा आता त्या जमिनीशी काय संबंध. तेही खरंच होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही शिक्षक मिळून एका कचेरीत जाऊन आलो. तिथल्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, पाऊस थांबल्यावर पाहणी करू. माणसं वाईट भेटली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. सगळे नीट बोलत होते आणि भात पाण्यात होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

पुढच्या खेपेला काकांनी कुठूनसं डिझेलचं इंजिन आणलं. धडधड सुरू झालं, जाड पाइपातून पाणी उसळायला लागलं, पोरांनी टाळ्या पिटल्या. पण सोडायचं कुठं? वर दुसऱ्याचं शेत, तिथं सोडलं तर त्याचा भात जातो. एका बाजूला रस्त्याचा भराव. राहिला तो पट्टा. पट्ट्यात सोडलं, तर बांधाखालून पाझरून ते हळूहळू आमच्याच शेतात परत. आम्ही दिवसभर आपलंच पाणी उपसून आपल्याच शेतात ओतत होतो. सुरुवातीला पोरं हसली. दुपारनंतर कोणी हसेना. काकांनी इंजिन बंद केलं, हात पुसले. "आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठं कुठं लावायचा?" मला रडू आलं, आणि पोरांसमोर रडायचं नाही म्हणून मी उगाचच दोघांना चपला हरवल्याबद्दल ओरडले.

भात आडवा झाला. आडवा झाला तो पाण्यात, आणि पाण्यात पडलेल्या लोंबीला लोंबीतच मोड येतात. आठवड्यानं गेलो तर दाण्यादाण्याला हिरवं पातं फुटलेलं. एखाद्या पोराला ते सुंदर वाटलं असेल. त्या मुलीला नाही. तिनं एक लोंबी उचलली, सोलून बघितली, आणि पुन्हा जागेवर ठेवली.

शुक्रवार तर ठरलेला. काकांनी मला शेडमध्ये बोलावलं. "बाई, मी एक गोन तांदूल आनतो. पोरांना सांगा तुमचाच हाय. त्यांना काय कल्तंय?" मी ताडकन म्हणाले, त्यांना सगळं कळतं. तोवर काकीच आत आल्या. म्हणाल्या, "पोरं जेवतील, त्यांना भात घाला, कुटचापन घाला. पन नवं म्हनून देवापुढं इकतचा तांदूल मी ठेवायची न्हाय." त्या स्वतः पाण्यात उतरल्या आणि मोड आलेल्या चार लोंब्या आणून त्यांनी दाराला बांधल्या.

काका तरीही थांबून राहिले. मग खाली बघत म्हणाले की वरच्या शेजाऱ्याची जमीनही गोडाऊनला जाणार आहे, बोलणी झालीत. "वर भराव, खाली भराव. मंग मधी मी एकटा डबक्यात काय करू? माजी जमीन पन तेच पार्टीला देऊन टाकतो." मला चिडायचं होतं. माझ्यासारख्या बाईला न चिडता राहणं किती जड जातं हे माझ्या घरच्यांना विचारा. पण कोणावर चिडणार? मी त्यांच्या जागी असते तर दुसरं काय केलं असतं? "पोरांना इतक्यात सांगू नका," एवढंच म्हणाले.

शुक्रवारी पोरं आली, काही आया आल्या, आणि दुपारी उशिरा त्या मुलीचे वडील आले. इस्त्रीचा पांढरा कुर्ता, डोक्यावर टोपी, हातात मिठाईचा पुडा. लूमवाले बोलतात तसे मोठ्यानं बोलत होते, कारण दिवसभर लूमच्या आवाजात कान गेलेले. मी पंगतीत सरळ सांगून टाकलं, हा भात दुकानातला आहे, आपला हाती लागला नाही. पोरांनी ऐकलं आणि ती जेवायला लागली. ती मुलगी वडिलांना वाढत होती. त्यांनी सगळा भात संपवला, शितही ठेवलं नाही, पण ती त्यांच्याकडे बघतच नव्हती.

जेवण झाल्यावर ते म्हणाले, "चल, दिखा तो सही." पाऊस थांबून काही दिवस झाले होते, तरी पाणी तिथंच होतं. त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, कुर्ता कमरेला खोचला आणि ते खाचरात उतरले. मी आणि काका बांधावर. ते वाकून बराच वेळ पाण्यात चाचपडत राहिले. एकेक बुंधा धरायचा, सोडायचा, पुढचा धरायचा, असे या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मग कंबर सरळ केली.

"लाइन तो एकदम सीधी है," ते म्हणाले. "हमारे अब्बा ऐसे लगाते थे."

मुलीचा चेहरा उजळला आणि लगेच पुन्हा उतरला. "फिर खराब क्यों हुआ?" ती माझ्याकडे वळली. "टीचर, हमसे क्या गलती हुई?"

"काहीच नाही," मी म्हणाले. "तुमची काही चूक झाली नाही. तू सगळं बरोबर केलंस."

तिनं यावर थोडा विचार केला. माझ्या बोलण्यावर तिचा पूर्ण विश्वास होता, हे मला दिसत होतं, आणि तेच सोसत नव्हतं.

"तो अगले साल भी ऐसे ही लगाएँगे," ती म्हणाली.

काका वळले आणि शेडकडे चालू लागले. तिच्या वडिलांनी पाठमोऱ्या काकांकडे बघितलं, मुरमाच्या भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, पण शेत सोडलेला माणूस होता तो. त्यांनी चिखलाचा हात कुर्त्याला पुसला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

"हाँ," ते म्हणाले. "बिलकुल ऐसे ही लगाना."