एकशे अठरा नंबरचे मोर

दीडशे चादरी विणून, घड्या घालून झाल्या होत्या. ट्रक दारात उभा होता. मालक शिवाण्णांनी सहज म्हणून वरची एक चादर उलगडली. मोर एकमेकांकडे पाठ करून उभे होते.

"हे काय?" शिवाण्णा म्हणाले. "मोर समोरासमोर पायजेत म्हणून गिऱ्हाईक दोनदा फोन करून सांगितलंय की."

मला बोलावणं आलं, कारण लूमवरचा कंट्रोलर माझा होता. मी पोचलो तेव्हा अंबादास मास्तर टेबलाशी उभे होते. मास्तर म्हणजे कारखान्याचे डिझाइनर. वय पन्नाशीच्या आसपास, मातृभाषा तेलुगू. पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून डिझाइन करायचे त्या काळापासून सोलापुरात हेच काम करत आलेले. ते एकच वाक्य परत परत म्हणत होते.

"मी बदललं होतं अण्णा. चार दिवसांपूर्वीच बदललं होतं."

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. मी ती कुणाला सांगितलेली नव्हती.

आधी माझं काम काय ते सांगतो. जकार्ड लूमवर चादरीची नक्षी निघते ती उभे धागे वर-खाली करून. कुठला धागा कधी उचलायचा हे पूर्वी कार्डांची माळ सांगायची. आता ते काम कंट्रोलर करतो. कंट्रोलर म्हणजे डब्यात बसवलेला छोटा कॉम्प्युटर. त्यातला प्रोग्रॅम सी भाषेत मी लिहिला होता. मास्तर पीसीवर डिझाइन काढायचे. एका गिऱ्हाइकाची सगळी डिझाइन्स एका झिप फाइलमध्ये जायची, ती पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि पेन ड्राइव्ह लूमला लावायचा. लूमवाला नंबर दाबणार, माझा प्रोग्रॅम झिप उघडून त्या नंबरची फाइल शोधणार आणि थोडी थोडी सोडवत लूमला देणार. डब्यात मेमरी इतकी कमी होती की अख्खी झिप सोडवून ठेवायला जागाच नव्हती.

झिप फाइल म्हणजे एक गठ्ठा समजा. आतल्या प्रत्येक फाइलच्या आधी एक चिठ्ठी असते: नाव अमुक, आकार तमुक. आणि गठ्ठ्याच्या अगदी शेवटी सगळ्यांची यादी असते, कोणती फाइल कुठून सुरू होते त्याची. खरी मानायची ती यादी. नियम असा की आधी शेवटाला जायचं, यादी वाचायची आणि यादी सांगेल तिथंच हात घालायचा.

मी तसं केलं नव्हतं. हे सगळं करणारी तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यानं लिहून ठेवलेला प्रोग्रॅम, मिळते. ती आपल्या डब्यात मावणार नाही असं मी ठरवून टाकलं, मापून बघितलं नाही. स्वतः लिहायला घेतलं. शेवटाकडून यादी शोधणं जरा किचकट असतं, आणि दसऱ्याला पहिला लूम चालू करून दाखवायचा शब्द दिलेला. मग मी सुरुवातीपासून एकेक चिठ्ठी वाचत जायचा सोपा रस्ता धरला. नाव जुळलं की थांब, ती फाइल उचल. टेस्टिंगला मी माझ्याच पीसीवर नव्या झिप बनवल्या. सगळं बरोबर आलं. येणारच.

त्या दिवशी शिवाण्णांनी मला विचारलं, "इंजिनियर, मशीन स्वतःच्या मनानं जुनं डिझाइन काढंल काय?"

"मशीन जे दिलंय तेच विणतं," मी म्हणालो. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

पेन ड्राइव्ह पीसीला लावला. झिप उघडली, मोरांच्या डिझाइनवर, एकशे अठरा नंबरवर क्लिक केलं. स्क्रीनवर मोर समोरासमोर.

"बघा," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

शिवाण्णांचा नाही झाला. "आत्ता बरोबर हाय. म्हणजे चादरी बघितल्यावर गुपचूप बदलला."

"अण्णा, पेन ड्राइव्ह लूमलाच होता की!"

"जेवायच्या सुट्टीत लूमजवळ कोण असतंय? तारीख बघ की इंजिनियर, कधी बदललंय."

मी तारीख बघितली. त्या पीसीची आतली बॅटरी गेलेली होती. रोज सकाळी चालू केला की घड्याळ परत त्याच जुन्या एक जानेवारीवर यायचं. फाइलवर तीच एक जानेवारी. सगळ्याच फाइलींवर तीच.

"बॅटरी बदला म्हणून मी किती येळा सांगितलंय," मास्तर म्हणाले.

"आता बॅटरीवर ढकलताय व्हय?"

मी त्या झिपची एक प्रत सोबत घेतली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती झिप माझ्या ऑफिसात उघडली. माझ्याच प्रोग्रॅमला सांगितलं, वाटेत दिसेल ती प्रत्येक चिठ्ठी छापत जा. एकशे अठरा दोनदा छापून आलं. एक गठ्ठ्याच्या सुरुवातीला, एक शेवटाजवळ. कपातला चहा संपायच्या आत मला सगळं कळलं.

डिझाइनचं सॉफ्टवेअर सेव्ह करताना जुनी फाइल पुसत नव्हतं. नवी शेवटी जोडायचं आणि यादी नवीन लिहायचं. यादीत जुनीचं नाव नसतं, पण ती गठ्ठ्यात पडून असते. पीसी यादी वाचतो, त्याला नवे मोर दिसले. माझा प्रोग्रॅम पहिली चिठ्ठी बघून थांबला, त्यानं जुने मोर विणले.

दुसऱ्या तीन कारखान्यांत हाच डबा होता. तिथं कधी तक्रार आली नाही, कारण तिथले डिझाइनर बदल केला की एकशे अठरा ए, एकशे अठरा बी असं नवं नाव द्यायचे. मास्तर तसं करत नसत. कार्डांच्या काळापासून त्यांची पद्धत होती: कार्ड चुकलं तर ते कापून त्याच जागी नवं ओवायचं, माळेचा नंबर तोच ठेवायचा. डिझाइनला एकच नंबर. त्यांची पद्धत बरोबर होती. ती मला माहीत नव्हती, कारण मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं की तुम्ही काम कसं करता.

मी स्कूटर काढून थेट कारखान्यात गेलो. सांगायलाच गेलो होतो, हे खरं आहे. शिवाण्णा गेटजवळच भेटले.

"काढलं मास्तरला," ते म्हणाले. "चूक केली असती तर ठेवून घेतलो असतो. माणूस खोटं बोलला. तेवीस वर्षं हितं होता, आणि खोटं बोलला." मग लगेच, "तुझं मशीन बरोबर हाय न्हवं? उरलेल्या सहा लूमला पण बसवून टाकू म्हणतो."

मी म्हणालो, "बरोबर आहे अण्णा. एक छोटा अपडेट टाकतो."

तेवढंच म्हणालो. त्या दुपारी मी प्रोग्रॅम शेवटाकडून यादी वाचेल असा करायला घेतला. दीड दिवस लागला. रजिस्टरमध्ये नोंद केली: किरकोळ दुरुस्ती.

पडून राहिलेल्या त्या चादरी शिवाण्णांनी फुकट घालवल्या नाहीत. कापसाची धूळ बसू नये म्हणून प्रत्येक कंट्रोलरवर एकेक पांघरली. सर्व्हिसिंगला गेलो की पहिलं काम म्हणजे ती चादर काढणं. नऊ वर्षं मी पाठमोऱ्या मोरांच्या घड्या घालत आलो. नवा डिझाइनर लागला की शिवाण्णा त्याला चादर दाखवून गोष्ट सांगायचे, खोटं बोललं की काय होतं त्याची. मी बाजूला स्क्रू आवळत असायचो.

या वर्षीच्या सुरुवातीला एक मुलगी डिझाइनरच्या जागेसाठी आली. कोर्स केलेला, काम बघितलं तर हात स्वच्छ. शिवाण्णांनी वडिलांचं नाव विचारलं. तिनं अंबादास मास्तरांचं सांगितलं.

"मग नको," शिवाण्णा म्हणाले. "वाईट वाटून घिऊ नको पोरी."

"वडील खोटं बोललेले न्हाईत," ती म्हणाली. फाइल उचलून गेली. मी तिथंच होतो, चार हातांवर.

रविवारी मी सोलापूरच्या पूर्व भागात मास्तरांच्या घरी गेलो. ते आता शिवणाच्या मशीनवर टॉवेलच्या कडा मारत होते. उठले, खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, यादी, चहाचा कप, गेटवरचं बोलणं, काही राखलं नाही. ऐकता ऐकता त्यांनी हातातल्या टॉवेलची कड तेवढी पुरी केली.

मग म्हणाले, "सर, मला कशाला सांगता? मी खोटं बोललो न्हाय, हे मला पहिल्यापासनं माहीत हाय. ज्याला माहीत न्हाय त्याला सांगा."

"सांगतो. तुम्ही याल?"

"येतो की. मला ते दोन मोर बघायचेत."

सोमवारी आम्ही दोघं कारखान्यात गेलो. ती जुनी झिप मी जपून ठेवलेली होती. का ठेवली होती ते मला नीट सांगता येणार नाही. शिवाण्णांसमोर लॅपटॉप उघडला आणि एकाच गठ्ठ्यातल्या दोन्ही फाइली सोडवून शेजारी शेजारी लावल्या. डावीकडे पाठमोरे, उजवीकडे समोरासमोर. जुना प्रोग्रॅम घातलेला एक डबाही नेला होता. त्याला पेन ड्राइव्ह लावून एकशे अठरा दाबलं. त्याच्या स्क्रीनवर पाठमोरे मोर आले.

शिवाण्णांनी स्वतः परत एकशे अठरा दाबून बघितलं. "तुला कवा कळलं हे?"

"दुसऱ्या दिवशी. तुमच्याकडे गेटवर आलो होतो त्याच्या आधी."

"गेटवर तू मला अपडेट टाकतो म्हणलास."

"हो."

"नऊ वर्षं माझ्या तोंडानं ह्यांना लबाड म्हणवलास."

 मास्तर स्क्रीनच्या जवळ वाकून डावीकडचे मोर बघत होते. "पिसारा ह्यातलाच चांगला होता," ते स्वतःशीच म्हणाले.

शिवाण्णांनी हात जोडले. "मास्तर, पोरीला पाठवा. उद्याच."

"तिला दुसरीकडं लागलंय अण्णा. तिलाच विचारा, पण येणार न्हाय ती." मग कोपऱ्यातल्या डब्यावरची चादर त्यांनी ओढून घेतली, झटकली, घडी घातली. "ही नेऊ का? हे मोरपण माझेच की."

त्यांना रिक्षापर्यंत सोडायला शिवाण्णा स्वतः गेले. परत येऊन मला म्हणाले, "चालू हाय तेवढं सांभाळ. पुढचं काम तुला न्हाय." मला ते योग्य वाटलं. दुसऱ्या तीन कारखान्यांनाही मी पत्र लिहून काय चुकलं होतं ते कळवलं. एकानं फोन केला. बाकीच्यांनी नाही.

मुलगी अजून दुसऱ्या कारखान्यातच आहे. तिथं माझे डबे नाहीत.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. झिप वाचायची तर शेवटच्या यादीवरून वाचा, आणि टेस्टिंगला स्वतः बनवलेली फाइल घेऊ नका, जो माणूस ती रोज वापरतो त्याच्याकडून मागून घ्या. दुसरी गोष्ट, 'किरकोळ दुरुस्ती' असं मी आता रजिस्टरमध्ये लिहीत नाही. काय चुकलं होतं ते लिहितो, आणि कुणाला भोवलं त्याचं नाव लिहितो.