एकवीस जणांचा एक मासा

पाथरवाडीच्या तलावातला मासा कुणाचा, हा प्रश्न लातूर जिल्हा होईपर्यंत कुणाच्या डोक्यात आला नव्हता. आधी जिल्हा उस्मानाबाद. साहेब तिकडे बसायचे आणि मुरुडच्या आडबाजूच्या या तलावापर्यंत यायला त्यांना ना रस्ता होता ना गरज. ब्याऐंशी साली जिल्हा वेगळा झाला, पेढे वाटले गेले, आणि जिल्हा जवळ आला तसे कागदही जवळ आले. त्यात शहाऐंशीचा दुष्काळ. तलाव आटून पाव हिस्सा राहिला. ज्यांनी कधी तिथं पाय धुतले नव्हते, त्यांना उथळ पाण्यात एकाएकी माशांच्या पाठी दिसायला लागल्या.

चांगुणाबाईला त्या आधीपासून दिसत होत्या. ती भोयाघरची सून. बहात्तरच्या दुष्काळात नवरा खडी फोडायला गेला आणि छातीत धूळ भरून परत आला. त्याचे हात गळाची काठी धरेनात, तेव्हा तिनं ती उचलली. बायांनी मासे विकावेत, धरू नयेत, असं म्हणत गाव हसलं. नवऱ्यानं खाटेवर पडल्या पडल्या तिला सगळं शिकवलं आणि दोन वर्षांनी तो गेला. हसणारे हसून दमले. चौदा वर्षं ती बाई पहाटे तलावाकाठच्या दगडावर आणि दहाच्या सुमारास मुरुडच्या वाटेवर, डोक्यावर पाटी.

तलावाच्या उगवतीला काळ्या दगडांची रांग थेट पाण्यात उतरते. तिथं जाळं टाकणं म्हणजे जाळं फाडून घेणं, म्हणून तिथं गळच चालतो. ज्वारीच्या ताटाची साल काढली की आत पांढरं, हलकं भेंड निघतं. त्याचा बोटभर तुकडा दोरीला अडकवायचा. तो पाण्यावर तरंगतो आणि खाली काय चाललंय ते वर सांगतो. नुसता थरथरला तर बारके मासे गांडूळ कुरतडताहेत. आडवा सरकत गेला तर शिंगटा. एका दमात गडप झाला तर मरळ. त्या साली कडब्याची पेंढी डोळ्यांना दिसत नव्हती, तेव्हा तिनं स्वतःच्याच छपराचं ताट उपसून भेंड काढलं होतं. जाऊबाई कस्तुराबाई त्यावरून आठ दिवस बोलत होती.

आणि अशा बाईला मच्छीमार नाही म्हणतात! म्हणणारे कोण, तर अर्जुनराव. घरी ट्रॅक्टर, दारात जीप, गावात शब्द. सरकारनं तलाव मच्छीमारांच्या संस्थेला द्यायचं ठरवलं म्हटल्यावर या गृहस्थानं रातोरात संस्था काढली. स्वतः चेअरमन. सभासद एकवीस. त्यात दोन पुतणे, मेहुणा, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, देवळाचा पुजारी, आणि एक तर औरंगाबादेत नोकरीला. संस्थेत नाही त्यानं तलावात गळ किंवा जाळं टाकायचं नाही, असा नियम, आणि सभासदाला परवाना लातूरच्या तपासणीनंतर. चांगुणाबाईनं शाळेच्या मास्तरांकडून सभासद व्हायचा अर्ज लिहून घेतला, अंगठा उठवला, स्वतः नेऊन दिला. अर्जुनराव म्हणाले, "गळ म्हंजी हौस हाय, चांगुणे. धंदा न्हवं. जाळं हाय का तुझ्याकडं?"

"त्या दगडांत जाळं टाकून दावा मालक," ती म्हणाली, "मग माझ्या हौसंचं बोला."

अर्ज तरी पुढं गेला, कारण मास्तरांनी त्याची एक प्रत टपालानं लातूरला धाडली होती. तिथून तपासणीला साहेब आले. मन्मथ स्वामी. माणूस वाईट नव्हता हो, तेवढं सांगितलं पाहिजे. पण उदगीरकडच्या लिंगायत घरातला, गळ्यात लिंग, घरात कांदासुद्धा मोजून मापून. आणि सरकारनं त्याला नेमलं मासळीच्या खात्यात. बरं, तपासणीचा दिवस कोणता, तर श्रावणी सोमवार. साहेब उपाशीपोटी, नाकाला रुमाल लावून, कडुनिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून पाण्यापासून तीस पावलं लांब बसले. हातात तक्ता होता. प्रत्येक नावापुढं एक रकाना: समक्ष मासा धरताना पाहिले काय.

अर्जुनरावांची तयारी चोख. पाण्याच्या उथळ टोकाला कोरं करकरीत जाळं पसरलं होतं. पहिला पुतण्या पाण्यात उतरला, ओणवा झाला आणि हातात भलीमोठी कटला धरून उभा राहिला. साहेबांनी लांबून मान हलवली, खूण केली. मग दुसरा पुतण्या उतरला. त्याच्याही हातात कटला. मेहुण्याच्या हातात कटला. पुजाऱ्याच्या हातात कटला. ड्रायव्हरनं तर ती उलटी धरली. प्रत्येक जण पाण्यात वाकून मासा खाली सोडत होता आणि पुढचा येऊन तोच उचलत होता, कारण तो कुठं जातोय! आदल्या दिवशी लातूरहून बर्फात घालून आणलेला मासा तो. डोळे पांढरे पडलेले, पोट मऊ झालेलं. शाळेतल्या पोरानं ओळखलं असतं. औरंगाबादवाल्याच्या नावानं त्याच्या भावानंच मासा उचलला आणि साहेबांनी तिथंही खूण केली.

चांगुणाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ती खुर्चीपुढं जाऊन उभी राहिली. "सायब, ह्यो मासा कालच मेलाय. जवळ येऊन डोळे तरी बघा त्याचे."

साहेब खुर्चीतच मागं सरकले. "बाई, मासा तर सगळ्यांनी दाखवला ना? मला त्यातलं बाकीचं कळत नाही."

"कळत न्हाई तर तपासून काय राहिले तुम्ही?"

अर्जुनराव मध्ये पडले. "साहेब, हिचाबी अर्ज हाय. हिलाबी दावू द्या की एक मासा. न्याय म्हंजी न्याय."

घड्याळात बारा वाजून गेलेले. ऊन मी म्हणत होतं, पाणी वरून कढत. अशा वेळी मासा खोल दगडांच्या कपारीत पोट टेकून पडतो, त्याच्यापुढं पंचपक्वान्नं ठेवली तरी हलत नाही. हे अर्जुनरावांना चांगलं ठाऊक होतं. ती म्हणाली, उद्या पहाटे या. साहेब म्हणाले, उद्या दुसरं गाव आहे. वाटल्यास तासभर थांबतो. तेवढंही कुणी थांबलं नसतं.

ती दगडावर जाऊन बसली. गांडूळ लावलं, भेंड दोन हात दोरीवर सरकवलं, टाकलं. निम्मं गाव मागं उभं. भेंड पाण्यावर कागदावरच्या टिंबासारखं निश्चल. अर्धा तास गेला, पाऊण गेला. एक मासा हवा होता, फक्त एक, ओंजळीत मावेल एवढासुद्धा चालला असता. तो मिळाला तर दगड तिचा. नाही तर चौदा वर्षांनी त्याच दगडावर ती चोर.

आणि मग भेंडाच्या शेजारी, दोन हातांवर, पाणी तांबूस झालं. मरळीची पिल्लं. शेवयांच्या तुकड्यांएवढी, शेकड्यांनी गोळा होऊन वर आलेली, सगळी मिळून तांदूळ उकळावेत तशी खदखदत होती. जुलैत दोन सरी पडल्या होत्या, तेवढ्यावर मरळबाईनं संसार मांडला होता! पिल्लांच्या खाली आई-बाप दोघं पहारा देत असतात. त्या गोळ्यापाशी काहीही पडलं की मरळ धावून येते आणि जबडा मारते, भुकेनं नाही, रागानं. अशा वेळी तिला धरायला अक्कल लागत नाही. आणि म्हणूनच भोई तिला धरत नाहीत. आई-बाप उचलले की घटकाभरात बाकीचे मासे पिल्लांचा फडशा पाडतात, आणि पुढच्या सालाची मरळ तिथंच संपते. पिल्लं पांगेपर्यंत तिथं गळ टाकायचा नाही. हे कुठं लिहिलेलं नाही, पण भोयाघरची लहान पोरंसुद्धा ते मोडत नाहीत.

अर्जुनरावही काठावर वाढलेले. त्यांनी ओळखलं आणि त्यांचा चेहरा उजळला: टाकला तर भोयांचा रिवाज मोडला, नाही टाकला तर अर्ज बाद. "टाक की चांगुणे! दोन हात सरकव. आत्ता घावतीय बघ."

साहेबसुद्धा उठून उभे राहिले. त्यांना मनापासून वाटत होतं की बाईला मासा मिळावा. "टाका बाई, टाका. मी लगेच लिहितो."

चांगुणाबाईनं काठी उचलली, आणि दोरी पाण्यातून ओढून काठीला गुंडाळायला लागली.

"न्हाई टाकत," ती म्हणाली. "पिल्लंवाली हाय ती."

"पण मासाच आहे ना तो?" साहेब गोंधळले.

"हाव. मासाच हाय. म्हणूनच न्हाई टाकत." तिचा आवाज चिरकला. रडू आलं होतं, ते रागाचं. "एकवीस जणांनी मढं उचलून दावलं ते तुमाला चाललं. म्या जित्तं सोडलं, त्याला रकाना न्हाई का तुमच्या कागदात?"

रकाना नव्हता. साहेबांनी तिच्या नावापुढं फुली मारली.

संध्याकाळी कस्तुराबाईनं घर डोक्यावर घेतलं. "माशाची लेकरं दिसली, घरची चूल न्हाई दिसली व्हय?" दुसऱ्या दिवशी पहाटे चांगुणाबाई नेहमीच्या वेळी उठली आणि दगडावर जाऊन बसली. काठी न घेता. अर्जुनरावांचे पुतणे त्या मरळीसाठी नवं जाळं घेऊन आले तर ही पुढं बसलेली. त्यांनी उठायला सांगितलं. ती म्हणाली, नियम आणा. नियमात मासे धरायला बंदी होती, बसायला नव्हती. तिथनं जाळं फेकायचं तर तिच्या डोक्यावरूनच फेकावं लागलं असतं, आणि तिच्या तोंडाला लागायची त्यांची टाप नव्हती. एकदा दुसऱ्या अंगानं फेकलं, ते दगडात अडकून उभं फाटलं. ती नुसती बघत होती. दिवसा रोजगार हमीच्या कामावर खडी, सकाळ-संध्याकाळ दगड, असा तिनं सबंध महिना काढला. पिल्लं वाढली, तांबडी होती ती काळपट झाली, एकेक करून पांगली. एके दिवशी तो गोळा वर आलाच नाही.

त्याच्या दुसऱ्या पहाटे तिनं काठी आणली. परवाना नव्हता, आणि ती लपूनही बसली नव्हती. भेंड एका दमात गडप झालं. मरळ निघाली, हाताएवढी लांब. ती पिल्लांची आई होती की दुसरीच कुणी, हे चांगुणाबाईनं पाहिलं नाही. पिल्लं पांगली होती, आता मासा तो मासा.

मरळ पाण्याबाहेरही तासन्‌तास जिवंत राहते. तिनं ती ओल्या पोत्यात गुंडाळली आणि लातूरची एसटी धरली. कंडक्टर पोत्याकडं बघून काही बोलणार होता, पण तिचा चेहरा बघून त्यानं तिकीट फाडलं.

मन्मथ स्वामी टेबलाशी फायली बघत होते. तिनं विचारलं नाही, सांगितलं नाही, पोतं टेबलावर सोडलं. मरळीनं अशी उसळी मारली की दौत आडवी, फाइल खाली आणि साहेब खुर्चीवर पाय घेऊन. सगळी कचेरी धावत आली.

"अहो, हा जिवंत आहे!" साहेब ओरडले.

"हाव. मासा असा असतो सायब. आता नीट बघा, रुमाल काढून."

साहेबांनी रुमाल काढला. काळाभोर, ओला डोळा त्यांच्याकडं रोखून बघत होता. कल्ले उघडझाप करत होते. त्या सोमवारची पांढऱ्या डोळ्यांची कटला, एकवीस हातांतून गेलेली, त्यांना आठवली असावी, कारण त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. कुणीतरी हसलं. ते हसले नाहीत.

"मावशी," ते हळू आवाजात म्हणाले, "शुक्रवारी येतो. पहाटे. आणि त्या एकवीस जणांना दगडावर बसवतो, गळ घेऊन."

"त्यांचं त्यांच्यापाशी. माझं काय?"

त्यांनी सांडलेल्या शाईतच टाक बुडवला, तक्ता काढला, फुली खोडून सही केली आणि परवाना लिहून तिच्या हातात दिला. तिनं तो घडी करून कमरेला खोचला. मग मरळ पुन्हा पोत्यात घालायला लागली.

बाजूचा कारकून ओठ चाटत म्हणाला, "मासा ठेवून जा की बाई. एवढं काम झालं."

"काम माझं झालं व्हय?" ती कडाडली. "चौदा वर्षं म्या मासे धरून राहिले, ते तुमाला आज दिसलं. ते तर तुमचं काम व्हतं!"

पोतं खांद्यावर टाकून ती जिना उतरली आणि गंजगोलाईच्या बाजारात जाऊन मरळ विकायला बसली.