बाउल असला की पोरगी बाहेर

आधीच सांगते, हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. हा अमेरिकेतला, हेल्मेट घालून, चेंडू काखोटीला मारून पळायचा. इथे न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनमधले माझे ऑफिसवाले त्याला 'गाद्या बांधून खेळलेलं रग्बी' म्हणतात आणि मी दर वेळी चिडते. मी एमएस केलं ते मक्याच्या शेतांमधल्या एका युनिव्हर्सिटीत. तिथली डिग्री कपाटात पडून आहे, पण तिथली टीम मानगुटीवर बसली ती बसलीच.

बाउल म्हणजे काय, तेही सांगून टाकते. सीझनला बारा मॅच. त्यातल्या निदान सहा जिंकल्या की डिसेंबरअखेर एका शेवटच्या मॅचचं आमंत्रण येतं, कुठल्यातरी उबदार गावात, फारशी ओळख नसलेल्या टीमशी. तो बाउल. त्याच्यापुढे काही नसतं. जिंकलात तर वर्षभर कॉलर ताठ, हरलात तर पुढच्या डिसेंबरपर्यंत तोंड लपवा. आमच्या टीमची खोड अशी, की मरतमरत बाउलला पोचायचं आणि तिथे जाऊन माती खायची. मी शिकत असताना बारा तास बसने जाऊन एक बाउल हरताना पाहिला आहे. शेवटची किक बाहेर गेली, आणि पुन्हा बारा तास बस.

२०११ साली आम्ही न्यूझीलंडला आलो. मी हॅमिल्टनच्या 'ते रापा' भागात, दूध पावडरच्या कारखान्यात प्रोसेस कंट्रोलला. नवरा टौरंगा बंदरातल्या क्रेनचा इंजिनिअर. लेक दीड वर्षाची. त्या डिसेंबरात आम्हाला बाउल मिळाला. तिकडे दुपार असते तेव्हा इथे दुसऱ्या दिवसाची सकाळ, म्हणजे चहा-पोह्यांबरोबर मॅच. आम्ही सात पॉइंटांनी पुढे होतो. लेक डुलत डुलत हॉलमध्ये आली, टीव्हीसमोर उभी राहिली आणि त्याच क्षणी आमच्या खेळाडूच्या हातून चेंडू निसटला. हरलो. मी म्हणाले, "आली का आमची पनवती!" नवरा हसला, आम्हाला हसताना बघून तीही टाळ्या वाजवून हसली.

दोन वर्षांनी पुन्हा बाउल. तिला मुद्दाम झोपवून ठेवलं होतं. शेवटच्या पाच मिनिटांत उठून पाणी मागत आली, हरलो. त्याच्या पुढच्या वेळी तर माझ्या मांडीवरच बसली होती, चांगला एकवीस पॉइंटांनी मार खाल्ला. झालं. घरात नियम ठरला. बाउल असला की पोरगी बाहेर. नवऱ्याने तिला टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून स्विमिंग पूलवर घेऊन जायचं आणि मी देव पाण्यात घालून टीव्हीसमोर बसायचं. पहिल्याच वर्षी ती बाहेर असूनही हरलो, तेव्हा मी फोडणीचा गॅस बंद करायला उठले होते, असं कारण काढलं. मग ओळीने दोन वर्षं बाउलच मिळाला नाही. हा सगळा शहाणपणा करणारी बाई दिवसभर कारखान्यात आकड्यांचे आलेख बघते आणि ज्युनिअर पोरांना सांगते, दोन गोष्टी एकदम घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही.

आणि ऐका. माझी आई लग्न होऊन सासरी आली, त्याच आठवड्यात आजोबांची बदली लांब झाली. आजीने तिला पांढऱ्या पायाची ठरवलं. हा शब्द नुसता ऐकला तरी माझं डोकं फिरायचं. मी आजीशी त्यावरून भांडले आहे, चांगली बोंबलून भांडले आहे. एवढी नाकाने कांदे सोलणारी मी! पण आमची ती गंमत होती ना. आजी गंभीरपणे म्हणायची, आम्ही हसत म्हणायचो, एवढाच काय तो फरक.

२०१८च्या डिसेंबरात बाउल मिळाला आणि नेमका मॅचच्या दिवशी सकाळी सातलाच नवऱ्याला टौरंग्याहून फोन. क्रेन अडकली होती, त्याला जावंच लागलं. मी लेकीला सांगितलं, "आज तू मागच्या अंगणात ट्रॅम्पोलिनवर खेळ. मी हाक मारेपर्यंत आत यायचं नाही. काय?" ती आठ वर्षांची झाली होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत. जँडल्समध्ये, म्हणजे इथल्या रबरी चपलांत, पाय सरकवत तिने विचारलं, "अँड इफ दे विन? देन इट्स ट्रू, ए?" म्हणजे आपण बाहेर असताना टीम जिंकली, तर आपण पनवती हे पक्कंच ठरणार. आठ वर्षांच्या पोरीला हे समजलं होतं. मी म्हणाले, "जिंकलो तर तुला आइस्क्रीम." आणि काचेचं दार ओढून घेतलं. टीव्हीवर ऊन येत होतं म्हणून पडदाही ओढला.

फुटबॉलमध्ये चार क्वॉर्टर. एकेक क्वॉर्टर घड्याळात पंधरा मिनिटांचा, पण थांबत थांबत, जाहिराती दाखवत पाऊण-पाऊण तास चालतो. पहिले दोन आम्ही रखडत काढले. तिसऱ्यात आमच्या टीमचा एक पोरगा चेंडू घेऊन सुटला तो थेट शेवटच्या रेषेपर्यंत. मी सोफ्यावर उभी राहून किंचाळले. बाहेर काहीतरी धप्पकन वाजलं. ट्रॅम्पोलिन, दुसरं काय!

थोड्या वेळाने काचेवर टकटक झाली. एकदाच, हळू.

"अजून नाही गं! थांब म्हटलं ना!" मी टीव्हीवरची नजर न काढता ओरडले. पुन्हा टकटक झाली नाही. मला बरंच वाटलं.

चौथ्या क्वॉर्टरमध्ये मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसले. दोनच पॉइंटांनी पुढे, चेंडू त्यांच्याकडे, आणि ते रेटत रेटत पुढे येतायत. आठ सेकंद उरली आणि त्यांचा किक मारणारा मैदानात आला. खांबांमधून गेली ही किक, की त्यांना तीन पॉइंट आणि आम्ही हरलो. मी डोळे मिटले, उघडले. चेंडू उडाला, वाकडा वाकडा जात खांबाला लागला आणि बाहेर पडला.

जिंकलो! मी अक्षरशः रडले हो. माझ्या डोळ्यांदेखत जिंकलेला पहिला बाउल. सोफ्यावरून उडी मारून मी पडदा सरकवला, "ये गं ये, जिंकलो!"

ती मागच्या दाराबाहेरच्या लाकडी डेकच्या पायरीवर पाठमोरी बसली होती. वळली. डावा हात उजव्या हाताने मांडीवर धरलेला आणि मनगट नको तिथे वाकलेलं. ओठ पांढरेफटक. गालावर अश्रू सुकून गेले होते.

"आय डिडन्ट कम इन, आई," ती म्हणाली. "डिड वी रिअली विन?"

तिला कसंबसं उचलून गाडीत बसवलं, हाताखाली उशी दिली. नवऱ्याला स्पीकरवर फोन लावला, तर मी तोंड उघडायच्या आत तो ओरडला, "अगं, अभिनंदन! स्कोअर बघितला!" मला हुंदकेच यायला लागले, तसा तो 'काय झालं, काय झालं' विचारू लागला. शेवटी लेकच मागच्या सीटवरून म्हणाली, "इट्स ओके, बाबा. जस्ट माय आर्म." सिग्नलला थांबले की मी आरशात बघायची. ती खिडकीबाहेर बघत होती, रडत नव्हती. रडली असती तर मला सोसलं असतं. मनात आलं, हरलो असतो तर बरं झालं असतं. निदान तिच्या कपाळावरचा तो शिक्का तरी पुसला गेला असता. जिंकलो, तिने एवढं सोसून आम्हाला जिंकवलं, आणि शिक्का आणखी गडद झाला.

इमर्जन्सीत नर्सने 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करून तिच्यासमोर बैठक मारली. गोड बाई होती. हात न हलवता नीट पाहिला, बोटं हलवून दाखवायला सांगितली, शाबासकी दिली. मग हातात कागद घेऊन तिने लेकीला विचारलं, कधी पडलीस?

"थर्ड क्वॉर्टर," लेक म्हणाली.

नर्सला अर्थबोध होईना. तिने माझ्याकडे पाहिलं.

"दीड तास झाला असेल," मी म्हणाले. ते तिने लिहून घेतलं. मग पेन तसंच धरून तिने अगदी हळू आवाजात विचारलं, तेव्हा घरात कोणी मोठं माणूस नव्हतं का?

"होते ना," मी म्हणाले. "मी होते."